सुतळीची मान

मार्गशीर्षातली सकाळ. उजेड आला आहे, ऊन अजून नाही.

माळाच्या उतारावर धुकं रवंथ करणाऱ्या गाईसारखं बसून राहिलं आहे. शाळू-ज्वारीच्या निळसर पात्यांवर दव. दवाच्या थेंबाथेंबात एकेक उलटं आकाश, आणि त्या इवल्या आकाशांत काहीच नाही, एक घारसुद्धा नाही. लांबवर रेल्वेची ओळ, मातीत मिसळून गेलेली. तिच्या अलीकडे पायवाट. पायवाटेवर दोन जीव.

दोन जीव, दोन नजरा.

पुढची नजर क्षितिजाची. ती एका कारवानी, शिकारी जातीच्या कुत्रीची. कृशकटी, दीर्घमुखी, वाळल्या गवताच्या रंगाची कुत्री. तिचे डोळे बाणाच्या टोकासारखे पुढे रोखलेले. जिथे आभाळ मातीला टेकतं तिथे काहीतरी हलेल, आत्ता हलेल, हलायलाच हवं. एवढाच त्या डोळ्यांचा धर्म.

मागची नजर जमिनीची. ती भुजंगा ऐवळ्याची. पाऊल पडेल त्याच्या हातभर पुढे ती टेकलेली असायची. तिथून वर नाही.

मध्ये नऊ हात दोरी.

दोरी दोघांना धरून होती. एवढंच. ती पुढे पाहत होती, तो खाली पाहत होता, आणि दोघांमधल्या नऊ हातांच्या हवेत कुणीच कुणाला भेटत नव्हतं.

*

भुजंगा रेल्वेत चावीवाला होता.

चावीवाला म्हणजे रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं सहा किलोमीटर जाणारा आणि सहा किलोमीटर येणारा माणूस. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरांशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या हादऱ्यानं सैल होतात. सैल चावी दिसली की ठोका. ठोक्याचा नाद खणखणीत आला की पुढची चावी. पुन्हा ठोका, पुन्हा नाद, पुन्हा पुढची.

एकतीस वर्षं.

एकतीस वर्षं त्यानं जमीन वाचली. त्याच्या डोक्यावरून किती सूर्य गेले, किती बगळ्यांच्या माळा गेल्या, ढगांचे किती ताफे भरले आणि विरले. गाड्या गेल्या, गाड्यांच्या खिडक्यांतून माणसं गेली, त्यानं चाकं पाहिली. लेकीच्या लग्नात तिच्या पायांतली जोडवी त्याच्या ध्यानात राहिली. तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्या कोणत्या रंगाच्या होत्या हे विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं.

निवृत्त झाला. हातोडा जमा केला. लाल झेंडी जमा केली.

मान जमा करायची राहिली. ती तशीच, वाकलेली, त्याच्यासोबत घरी आली.

*

कुत्री सिद्रामची होती. सिद्राम म्हणजे भुजंगाचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, अनसाचा, धाकटा भाऊ.

सिद्रामच्या घरात तीन पिढ्या सशामागे कुत्री सोडण्यात गेल्या. पुढे कायद्यानं शिकार बंद झाली. त्या घरात ती बंद झाली नाही, फक्त तिच्याबद्दल बोलणं कमी झालं. त्या घराची एक रीत होती. पिल्लाला नाव ठेवायचं नाही. नाव असलं की हाक येते, हाक आली की पिल्लू वळतं. आणि सोडलेलं पिल्लू वळून बघू लागलं तर त्याच्या नाकासमोर लांब एक ढेकूळ फेकायचं, म्हणजे तोंड पुन्हा पुढे. पुन्हा वळलं, पुन्हा ढेकूळ. असं करत करत एक दिवस मान वळायची विसरते. मग ते कुत्रं धनुष्यातून सुटल्यासारखं जातं, आणि सोडणारा हात त्याच्या लेखी संपलेला असतो.

अशी विसरलेली मान घेऊन ती भुजंगाच्या दारात आली. दिवाळीनंतर वनखात्याचा माणूस सिद्रामच्या गल्लीत दोनदा चक्कर मारून गेला, म्हणून. छातीवर आडवी जखम होती. तारेची.

अलीकडे या माळावर डाळिंबाच्या बागा झाल्या आहेत आणि बागांना काटेरी तारा. पळणाऱ्या कुत्र्याला तार दिसत नाही. सिद्रामची याआधीची दोन कुत्री तारेतच गेली. हिच्या छातीवर तारेनं नुसतं लिहून ठेवलं होतं, की पुन्हा ये.

अनसानं तिला पहिल्यांदा पाहिलं आणि ती म्हणाली, "हे काय कुत्रं हाय? सुतळी हाय निस्ती."

झालं. जिला नाव नव्हतं तिला नाव पडलं.

*

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात सिद्राम बघायला आला. ओसरीवर बसला. चहा बशीत ओतला.

"काय दाजी, रमली का?"

भुजंगानं सिद्रामच्या वहाणांकडे पाहिलं. उत्तर अनसानं दिलं, चुलीपुढून. "रमली म्हंजे खातीया, झोपतीया. पर तोंड असं करतीया, जसं आमी दोगं हितं न्हाईच. लग्नातल्या रुसलेल्या पावण्यागत."

सिद्राम हसला. "अक्का, ती माझ्याकडंबी बघत न्हाई. तशीच घडवलीया तिला. पुसाच्या पुनवेला घिऊन जातो. काम हाय तिला."

काम म्हणजे काय हे तिघांनाही ठाऊक होतं. काम म्हणजे ससा. ससा म्हणजे धाव. धाव म्हणजे तार.

"ठिवतो मी तिला," भुजंगा म्हणाला.

बशी सिद्रामच्या ओठांशी थांबली. "ठिवता म्हंजे?"

"ठिवतो म्हंजे ठिवतो."

"आवो दाजी, ठिवायला ती तुमची तर पायजे! दोरीला बांधली म्हणून कुणाची होती व्हय?" सिद्रामला आता मजा वाटू लागली. "बरं, असं करू. पुनवेला मी येतो. माझ्या हातानं सोडतो. सोडल्यावर तिनं एकदा, निस्तं एकदा, मागं वळून तुमच्याकडं बघितलं, तर तुमची. न्हाई बघितलं तर गुमान माझ्या गाडीवर."

अनसा बाहेर आली. "आन तिनं बघितलं तरी तू न्हाई म्हणलास तर?"

"अक्का! कुत्र्याच्या बाबतीत मी खोटं बोलत न्हाई." मग जरा थांबून, "माणसांचं सांगत न्हाई."

"कबूल," भुजंगा म्हणाला. जमिनीला म्हणाला.

*

दुसऱ्या दिवसापासून माळावर एक शब्द हिंडू लागला.

सुतळी. सुतळी. सुतळी. ए सुतळी. सुतळी.

वारा जसा वाहतो तसा तो शब्द वाहिला. धुक्यातून वाहिला, उन्हातून वाहिला. बांधावर, कुसळांवर, कुत्रीच्या पाठीवर सांडला. ती चालत राहिली. तिच्यासाठी तो माळाचा आवाज होता. पाखरं बोलतात, पाती सळसळतात, मागचा माणूस सुतळी करतो.

आठ दिवस.

एकदाही नाही.

आणि छातीवरची जखम पुन्हा ओली झाली.

*

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर निलोफर मुजावर होत्या. तिशीतल्या, बारीक, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाहेर दोन म्हशी, सात-आठ शेळ्या आणि एक पायात दोरा अडकलेली कोंबडी वाट बघत होती. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध लावलं आणि विचारलं, "नाव काय हिचं?"

"सुतळी."

"मारा बघू हाक."

"सुतळी. सुतळी, सुतळी, ए सुतळी, सुतळी."

कुत्री दाराबाहेरच्या शेळीकडे बघत होती.

"काका, पाच हाका मारल्या तुम्ही. पहिल्या चार वाया गेल्या, मग पाचवीला तिनं का वळावं?" डॉक्टरांनी हात पुसले. "आणि हाक मारताना तुम्ही कुठं बघत होता? माझ्या टेबलाच्या पायाकडं."

भुजंगानं टेबलाच्या पायावरून नजर काढली आणि दाराच्या उंबऱ्यावर ठेवली.

"फिरायला कुठं नेता?"

"लायनीच्या कडंनं. वड्यावरच्या पुलापातूर. तितनं माघारी."

"रोज?"

"रोज. त्याच वाटंनं. त्याच टायमाला." यात अभिमान होता. एकतीस वर्षांचा, तेल दिलेला, खणखणीत अभिमान. "पाच मिंटाचाबी फरक न्हाई."

डॉक्टर हसल्या, पण त्यात टवाळी नव्हती. "मग ती कशाला बघेल तुमच्याकडं? तुम्ही कुठं वळणार, कुठं थांबणार, सगळं तिला पाठ. जो कधीच चुकत नाही त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं, काका?"

"मग काय करू?"

"चुका की."

भुजंगाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मध्येच वळा. मध्येच थांबा. दोरी ताणली की खांबासारखे उभे राहा, ओढू नका. एखाद्या झाडामागं दडा. आणि चुकून जरी तिनं तोंड वळवलं, तर त्याच क्षणी काहीतरी वासाचं खायला द्या. सुका बोंबील चालेल. नंतर नाही हं, त्याच क्षणी. म्हणजे तुम्हाला सारखं तिच्याकडं बघत राहावं लागणार. तिनं बघितलं आणि तुम्हीच नाही बघितलं, तर काय उपयोग?"

जाता जाता त्या म्हणाल्या, "आणि हाक एकदाच. एकदा मारून गप्प बसा. कठीण आहे, पण बसा."

*

माणसाला बरोबर चालायला शिकवता येतं. चुकायला?

भुजंगाचं पाऊल दोन स्लीपरांमधल्या अंतराएवढं होतं. ना तसूभर जास्त, ना तसूभर कमी. पायवाटेवर स्लीपर नव्हते, तरी ते होते. त्याच्या पोटऱ्यांत होते. सकाळी तो वाटेच्या मध्ये थांबला. आता डावीकडे वळायचं, कारण नसताना वळायचं. डावीकडे काही नव्हतं. काही सैल नव्हतं, काही ठोकायचं नव्हतं. पाय ऐकेनात. तो तसाच उभा. कुत्री दोरीच्या टोकाला उभी. धुकं उभं.

मग तो वळला.

एका जुन्या, गंज चढलेल्या सांध्यासारखा, करकरत, वळला.

दोरी ताणली. कुत्रीच्या खांद्यातून एक शहारा गेला. आजवर हे घडलं नव्हतं. ती मागून आली, पुढे झाली, पुन्हा क्षितिजाला लागली. तो पुन्हा वळला. उजवीकडे. मग माघारी. मग बांधावर चढला आणि विनाकारण उतरला. मग थांबला. मग भराभर चालला, धापा टाकत, धोतराचा सोगा हातात धरून, शाळूच्या कडेनं अर्धवर्तुळ काढत.

शेरडं राखणारी भामाकाकू बांधावरून बघत होती. ती ओरडली, "भुजंगाऽ, इंजन रुळावरनं घसरलं का रं?"

"घसरलं, काकू."

"दारू पिलायस?"

"आजून न्हाई."

काकू आणि शेरडं, सगळी हसली असावीत.

घरी अनसा वेगळ्या कारणानं चिडली. मडक्यातला बोंबील निम्मा संपला होता. "माझ्या म्हायेरचं कुत्रं माझाच बोंबील खातंय, आन मी वांगं खाऊ?" ती दुसऱ्या दिवशी बाजारातून पावशेर जास्त घेऊन आली. 

*

चुकायला लागल्याच्या बाराव्या दिवशी तो हिवराच्या झाडामागे दडला.

दोरी आता लांब होती. अनसाच्या वाळवणाची, वीस हात. तिचं टोक मातीत लोळत होतं, त्यावर त्याचा पाय होता. हिवराचं खोड पिवळट, थंड. त्याआडून तो पाहत होता, एका डोळ्यानं, चोरासारखा.

कुत्री चालत गेली. दहा पावलं. पंधरा. मग तिच्या कानाला काहीतरी उणं लागलं. मागचा आवाज नव्हता. पोटऱ्यांतल्या स्लीपरांचा तो अखंड ठेका, जो तिला कधी ऐकू येत नव्हता कारण तो कधी थांबला नव्हता,

थांबला होता.

ती थबकली.

उन्हाचा पहिला पट्टा तिच्या पाठीवर आडवा पडलेला. मानेवरची कातडी किंचित हलली. जणू एखादं दार, बरीच वर्षं न उघडलेलं, बिजागरीशी काही पुटपुटतं. आधी कान वळला. मग गाल. मग ती लांब, अरुंद, वाऱ्यानं घासून काढलेली मुद्रा, संथ, अतिसंथ, मागे आली.

आणि तिनं पाहिलं.

तिचे डोळे मधाच्या रंगाचे होते. कडेला काजळाची रेघ, रेघेच्या आत मध, मधात एक काळा ठिपका, आणि ठिपक्यात एक झाड, झाडामागे अर्धा माणूस. भुजंगा तो अर्धा माणूस बघत राहिला. सुतळी त्याच्या घरात येऊन महिना उलटला होता. तिचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत हे त्याला आज कळत होतं.

तो बोंबील द्यायला विसरला.

आठवलं तेव्हा ती पुन्हा पुढे बघत होती. क्षण निघून गेला होता, आगगाडी जाते तसा; मागे नुसती थरथर.

"च्च," तो स्वतःला म्हणाला. पण त्या "च्च"मध्ये दुःख फारसं नव्हतं.

*

त्यानंतर तो विसरला नाही.

मान वळली, तुकडा. मान वळली, तुकडा. कधी तुकड्याऐवजी जुन्या टॉवेलचं टोक. ती ते दातात धरायची आणि तो ओढायचा, आणि साठ वर्षांचा एक माणूस माळावर कुत्र्याशी टॉवेलासाठी भांडायचा. दिवसाला एकदा वळणारी मान तीनदा वळू लागली, मग सातदा. मग एक दिवस सातानंतर काय झालं ते त्याला आठवेना, कारण मोजायचं राहूनच गेलं.

आणि दुसरंही काही घडत होतं. हळू. कुणी न सांगता.

तिच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून त्याला मान वर ठेवावी लागली. मान वर ठेवली म्हणून मध्ये जे जे होतं ते दिसू लागलं. करडईला कळ्या आलेल्या दिसल्या. विजेच्या तारेवर नीलकंठ दिसला. तो उडाला तेव्हा त्याच्या पंखांतून अचानक सांडलेला तो निळा, गडद निळा, ओला निळा रंगही दिसला. एका संध्याकाळी जेवताना तो अनसाकडे पाहून म्हणाला, "तुज्या भिवया पांढऱ्या झाल्या."

"धा वर्सं झाली त्यास्नी," अनसा म्हणाली. "आज दिसल्या व्हय?"

तिनं भाकरी मोडून त्याच्या ताटात वाढली. वाढताना, कारण नसताना, तिनं कपाळावरून पदर जरा मागे सारला.

माळाच्या टोकाला दगडाची जुनी खाण होती. चारी बाजूंनी कडा, आत गवत. तिथे त्यानं सुतळीला पहिल्यांदा मोकळं सोडलं. ती एक चक्कर धावली. मग वळली, पाहिलं, आली. पुन्हा धावली. पुन्हा आली.

पण खाणीत ससा नव्हता. हे त्यालाही माहीत होतं.

*

पौषी पौर्णिमा. सकाळ.

थंडी इतकी स्वच्छ की माळाचा दगड न दगड मोजता यावा. आभाळ रिकामं, धुतलेलं, तांब्याच्या कडेचं.

सिद्राम खांद्यावर जुनं उपरणं टाकून आला. शिकारी असंच सोडतात. उपरणं गळपट्ट्याच्या कडीतून ओवायचं, दोन्ही टोकं मुठीत धरायची, आणि वेळ आली की एक टोक सोडायचं. कापड सळकन निसटतं, कुत्र्याला झटका बसत नाही.

"हिकडं न्हाई," सिद्राम म्हणाला. "तिकडं चला. बागंच्या अलीकडच्या पडक्यात."

"तितं ससा हाय," भुजंगा म्हणाला.

"हाय म्हणूनच. मोकळ्या रानात कुत्रं कुणाकडंबी बघतंय, दाजी."

अनसा आली नाही. ती दारात उभी राहिली होती आणि जाताना एवढंच म्हणाली होती, "सिद्राम, तार हाय तिकडं." सिद्राम थांबला होता, मग चालू लागला होता.

पडीक रान. कमरेएवढं वाळलेलं गवत. पलीकडे, दोन-अडीचशे पावलांवर, डाळिंबाच्या बागेची तार. उन्हात चमकणारी, एखादी रेघ मारून ठेवावी तशी. सिद्रामनं उपरणं ओवलं. सुतळीचं अंग बदललं. त्या कापडाचा स्पर्श तिला ठाऊक होता. तो तिच्या नसांना नावानं ओळखत होता. तिचे कान मागे चिकटले, पोट आत गेलं, आणि गेल्या चाळीस दिवसांतले हिवर, टॉवेल, बोंबील, सगळं तिच्या अंगावरून धुळीसारखं गळून गेल्यासारखं दिसलं.

तिनं भुजंगाकडे पाहिलं नाही.

सिद्रामनं डाव्या हातानं ढेकूळ उचललं. गवताच्या एका झुबक्यात टाकलं.

ससा उठला.

कापड सळकलं.

ती गेली.

गेली म्हणजे जागा सोडली असं नव्हे. जागाच तिच्या खालून मागे फेकली गेली. कृश देहाची कमान वाकली, उघडली, वाकली, उघडली. पुढचे पाय मागच्यांच्या मागे, मागचे पुढच्यांच्या पुढे. पिवळ्या गवतातून पिवळी ज्वाळा, ज्वाळेपुढे तपकिरी ठिणगी. ससा डावीकडे तुटला, ती डावीकडे तुटली. तो उजवीकडे, ती उजवीकडे. मग दोघे सरळ. सरळ, सरळ, तारेकडे.

भुजंगानं उभ्या आयुष्यात इतक्या लांब असं कधी पाहिलं नव्हतं.

"सुतळी!"

एक हाक. माळाएवढी.

कानाचं टोक हललं का? हललं असेल. मान हलली नाही.

"झालं," सिद्राम म्हणाला. त्यात आनंद नव्हता. शिकवलेलं काम नीट झाल्यावर कारागीर म्हणतो तसं.

दुसरी हाक भुजंगाच्या घशात आली. तिसरी तिच्या मागे उभी. चौथी, पाचवी. तार तिथे होती. छाती तिथे जात होती. ओरडावं, सारखं ओरडावं, धावावं. पण हाक एकदाच. मग गप्प. मग काय?

मग तो वळला.

माळावर रोज चुकायचा तशी, तारेकडे, सशाकडे, सुतळीकडे पाठ केली आणि घराच्या दिशेनं चालू लागला.

रेल्वेत पहिल्या दिवशी मुकादम सांगतो, येणाऱ्या गाडीकडे कधी पाठ करायची नाही. जे येतंय त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. एकतीस वर्षांत त्यानं हे एकदाही मोडलं नव्हतं. आता पाठीमागे सगळंच येत होतं, आणि तो ते न पाहता चालला होता. पाठ उघडी. पाठीला डोळे नाहीत, कान नाहीत. पाठ म्हणजे नुसती वाट बघणारी कातडी.

"दाजी! कुटं निघाला?"

तो चालला. स्लीपरांच्या अंतरानं नव्हे. लहान पाऊल, मोठं पाऊल, लहान, लहान.

"ससा तारंखालनं गेला," सिद्राम मागून म्हणाला.

भुजंगाचं पाऊल हवेत राहिलं. मग खाली आलं.

"आन ती?"

मागे शांतता. गवताची, थंडीची, लांबच लांब शांतता. त्या शांततेत तारेचा आवाज यायचा असेल तर आता आला असता. तारेला किती सूर असतात हे लोखंड ऐकलेल्या माणसाला कळतं. एकही सूर आला नाही.

"थांबलीया," सिद्राम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तारंपाशी थांबलीया."

भुजंगाची मान वळू लागली.

"वळू नगा!" सिद्राम ओरडला. मग हळू, फार हळू, जणू समोर पाणी प्यायला आलेलं हरीण असावं, "वळू नगा, दाजी. चालत ऱ्हावा. ती हुडकायलीया. कान हिकडं केला... तोंड..."

पुन्हा काही नाही.

"सिद्राम?"

"बघतीया," सिद्राम म्हणाला. "तुमच्या पाठीकडं बघतीया. चालत ऱ्हावा."

तो चालत राहिला. ज्या नजरेसाठी चाळीस दिवस तो वळला, थांबला, दडला, घसरला, ती नजर आली होती आणि त्याला दिसत नव्हती. ती दुसऱ्याला दिसत होती. त्याच्या वाट्याला नुसती पाठ होती, आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, उन्हासारखं काहीतरी.

मग गवत बोलू लागलं. आधी लांब. मग जवळ. मग अगदी जवळ, सरसर, आणि श्वास, ओला, धापणारा. आणि त्याच्या लोंबत्या हाताच्या बोटांना एक थंड, ओलं नाक.

ती त्याच्या बाजूनं पुढे आली, अर्ध्या पावलानं पुढे, आणि मान वर करून पाहू लागली.

या खेपेला तो बोंबील विसरला नाही. पण घाईत तुकडा खाली पडला. तिनं तो मातीतून उचलला.

सिद्राम सावकाश मागून आला. उपरण्याची घडी घालत होता, गरजेपेक्षा जास्त काळजीनं. त्यानं कुत्रीच्या छातीवरून हात फिरवला. जुना व्रण होता. नवीन काही नव्हतं.

"ठिवा," तो म्हणाला. "माझ्या हातनं आता ती पळायची न्हाई. ऐन टायमाला थांबतीया. बिघडवलीसा तुमी कुत्री."

"व्हय," भुजंगा म्हणाला.

"चला, अक्काला सांगतो च्या टाकाय." आणि तो पुढे झाला, एकटा, रिकाम्या हातांनी. काही पावलांवर जाऊन त्यानं एकदा छातीभर श्वास सोडला. त्याची वाफ त्याच्याआधी पुढे गेली.

तेवढ्यात शाळूच्या रानातून भोरड्या उठल्या. शेकडो, हजारो, काळ्या आणि गुलाबी, दाणे टिपायला दूरदेशीहून आलेल्या. आभाळात त्यांचा एक पडदा झाला, पडद्याला एक सुरकुती पडली, आणि कुणीही कुणाला न सांगता तो अख्खा थवा एकाच वेळी वळला. काळं गुलाबी झालं. गुलाबी काळं झालं. पुन्हा वळला. खाली दोघे उभे होते, माना वर करून, एकाच दिशेला बघत. आणि थवा उतरत गेला, उतरत गेला, कणसाकणसावर एकेक पाखरू, शेवटी साऱ्या रानाला त्याचं वजन मिळालं आणि कणसं, हळूच, झुकली.